तारखा कोणी पाडल्या?

"वकील पुढारी झाला की लढ्यालाही तारखा पडायला लागतात," असं परवा एक गृहस्थ म्हणाले आणि सगळे हसले. ते वाक्य मला मात्र खुपत राहिलं. गांधी, जिना, नेहरू ही बॅरिस्टरांची यादी सगळ्यांना पाठ आहे. ती राहू दे. मला आठवलं महाड.

मार्च १९२७मध्ये आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्याले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. परिषदेला जागा मिळेना, शेवटी एका मुसलमान मालकाच्या जमिनीवर मंडप उभा राहिला. तेवढ्यात सनातन्यांनी दिवाणी कोर्टातून मनाईहुकूम आणला. तुरुंगात जायच्या तयारीने आलेली माणसं समोर बसलेली, आणि बॅरिस्टरसाहेब त्यांना म्हणाले, थांबा. मनुस्मृती जळाली, तळ्याभोवती मिरवणूक फिरली, पाण्याला कुणी हात लावला नाही.

वकिलाला खटला जिंकायचा असतो, पुढाऱ्याला माणसं उभी करायची असतात, असं मी नेहमी म्हणत आलो. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरच्या बदनामीच्या खटल्यात १९२६ साली आंबेडकरांनी जेधे-जवळकरांना सोडवलं, ते मुख्यतः फिर्यादी हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा दूरचा नातलग आहे या मुद्द्यावर. पुस्तकात लिहिलंय ते खरं की खोटं, हा वाद बाजूलाच राहिला. ही अस्सल वकिली. महाडलाही वकीलच बोलला, असं गृहस्थ म्हणतील.

मला आता तसं वाटत नाही. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा मुंबई कायदे कौन्सिलातला ठराव १९२३चा, आणि महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं १९२४ला. हक्क कागदावर होताच. हुकूम मोडला असता तर सनातन्यांशी असलेलं भांडण सरकारशी झालं असतं, आणि सनातनी काठावर बसून मजा बघत राहिले असते. हे गणित पुढाऱ्याचं होतं. कायदा येत होता म्हणून लवकर सुटलं, इतकंच.

किंमत मात्र जबर पडली. तळ्याच्या त्या दाव्यात हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ला. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड, १९२२मध्ये गांधींना सहा वर्षांची शिक्षा देणारे तेच, म्हणाले की वहिवाट अनादी असल्याचं वादींना सिद्ध करता आलं नाही. तोवर धर्मांतराची येवल्याची घोषणा होऊन दीड वर्ष लोटलं होतं.

तारखा पडल्या हे खरंच. पण अपिलाचं नाव वाचा: नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. खालच्या कोर्टात हरल्यावर वर गेले ते वैद्य. आंबेडकर प्रतिवादी होते.