बिऱ्हाडकरूची जात

दिलसुखनगरच्या गल्ल्यांतून ‘घर भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या जागोजागी दिसतात. शिकवणी-वर्गांमुळे येथे परगावच्या माणसांची ये-जा नेहमीचीच. २०१८ पासून मेट्रोचीही सोय झाली. काही पाट्यांखाली ‘फक्त शाकाहारी’ अशी पुस्ती असते. जेथे ती नसते तेथे तोच प्रश्न तोंडी येतो, आणि त्यामागोमाग नाव, आडनाव, गाव. या चौकशीचा रोख सांगावयास नको. घर ज्याचे, त्याने ते कोणास द्यावे हे त्यानेच ठरवावे. यात नीतीचा प्रश्न कोठे आला, असे कोणी विचारील. आमच्या मते तो येतो.

प्रथम मालकाची बाजू पाहू. जन्मभराची पुंजी घालून घेतलेले घर परक्याच्या हाती देताना धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. भाडे थकेल, खटला वर्षानुवर्षे चालेल, ही भीती निराधार नाही हे आम्ही वकिलीत पाहतोच. म्हणून त्याने नोकरीची व मागल्या बिऱ्हाडाची चौकशी करावी, अनामत घ्यावी, करार लेखी करावा. हे सारे प्रश्न माणसाच्या वर्तनाचे आहेत. जात वा धर्म विचारल्याने यांतील एकाही शंकेचे निरसन होत नाही.

कायदा येथे फारसा कामी येत नाही. घटनेचे पंधरावे कलम धर्म, जात, जन्मस्थान यांवरून भेद करण्यास राज्यसंस्थेला मनाई करते; दुकाने, उपाहारगृहे, विहिरी यांचाही त्यात उल्लेख आहे; खाजगी घराचा नाही. २००५ साली तर सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व पारशांपुरते राखणारा नियम ग्राह्य धरला. परंतु कायद्याने मुभा दिली एवढ्याने कृत्य योग्य ठरत नाही. कायदा जेथे थांबतो, तेथेच सदसद्विवेकाचे काम सुरू होते.

या चौकशीचे फळ काय, हे पाहावयाचे तर आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे पोटासाठी ज्या मुंबईस गेले, तिच्याकडे पाहावे. १८५४ साली कावसजी दावर यांनी तेथे पहिली कापडगिरणी स्थापिली. पुढे परळ-लालबागच्या चाळी कोकणातील व घाटावरील माणसांनी भरल्या. एकेका खोलीत अनेक गाववाले पाळीपाळीने झोपत. जागा ओळखीने मिळे, आणि ओळख बहुधा गावाची नि जातीची असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. गिरणी गेली; ओळख विचारण्याची रीत मात्र राहिली. आज तेथे दलाल भाड्याच्या आधी आहार विचारतो, आणि मासे खाणाऱ्या आपल्याच बांधवाला ‘जागा गेली’ असे उत्तर मिळते. त्याला तो अपमान वाटतो, आणि ते रास्तच आहे. पण तोच गृहस्थ आपली सदनिका देताना मुसलमान वा दलित बिऱ्हाडकरूला तेच उत्तर देत असेल, तर त्याच्या तक्रारीस काय वजन उरले?

आहाराविषयी एवढे म्हणता येईल की, स्वयंपाकघर एकच असेल तर मालकाच्या आग्रहास अर्थ आहे. दार वेगळे, चूल वेगळी असताना तोच आग्रह म्हणजे पुष्कळदा जात विचारण्याची सभ्य रीत होय.

देवस्थानाशी बांधलेल्या आपल्या समाजाने तरी एक गोष्ट विसरू नये. पोर्तुगीजांच्या जाचामुळे १५६० साली श्रीमंगेशाला कुशस्थळीहून प्रियोळला हलवावे लागले. श्रीशांतादुर्गाही केळोशीहून कवळ्यास आली. फोंड्याकडील तो मुलूख त्या काळी विजापूरच्या आदिलशाहीत होता. प्रत्यक्ष आपल्या दैवतांना अन्यधर्मीय सत्तेच्या भूमीत आसरा मिळाला, आणि तेथेच ती नांदली. ज्यांचे देवच एकदा जागा शोधीत निघाले, त्यांनी दाराशी आलेल्या माणसास त्याचा जन्म विचारावा हे शोभत नाही.

मालकाने काय विचारावे, याची कसोटी आम्हांस साधी वाटते. ज्या प्रश्नाचे उत्तर माणूस आपल्या वागण्याने चांगले करू शकतो, तो अवश्य विचारावा. जे उत्तर त्याच्या जन्माबरोबरच लिहिले गेले, ते मागू नये. घर आपले आहे. दुसऱ्याला बेघर ठेवण्याचे कारणही आपलेच असते, आणि ते कारण देवापुढे उभे राहून सांगता येईल असे असावे.