विक्रमी

‘विक्रमी’ या विशेषणाइतकी उतरती कळा दुसऱ्या कुठल्या राजेशाही शब्दाला लागली नसेल. खांद्यावर प्रेत घेऊन वेताळाच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या उज्जैनीच्या राजाचे नाव वर्तमानपत्रवाले गर्दीला लावतात, उन्हाला लावतात आणि आम्ही बँकवाले ठेवींना लावतो. एका ३१ मार्चला आमच्या शाखेत ‘विक्रमी’ ठेवी जमल्या. साहेबांना हार मिळाला, आम्हां कारकुनांना एकेक समोसा. समोशाचा आकार विक्रमी नव्हता.

गंमत पाहा. दंतकथेत पैठणच्या शालिवाहनाने विक्रमाचा पराभव केला. दोघांच्या कालगणनांत १३५ वर्षांचे अंतर आहे म्हणा, पण दंतकथेला व्हाउचर लागत नाही. आपण शक मोजतो जिंकणाऱ्याचा आणि विशेषण वापरतो हरणाऱ्याचे! जिंकणे वेगळे, विक्रम वेगळा, हा निकाल भाषेनेच देऊन टाकला.

मग विक्रम कशात? सिंहासन बत्तिशीत भोजराजा विक्रमाच्या सिंहासनावर बसू लागतो, तेव्हा एकेक पुतळी त्याला अडवते : विक्रमाचे औदार्य अंगी असेल तर बस! बत्तीस जणींपैकी एकीनेही खजिन्यातली शिल्लक विचारली नाही. आणखी एक आख्यायिका अशी की, राजाने प्रजेचे कर्ज फेडले आणि मगच आपला संवत सुरू केला. ही गोष्ट आमच्या वसुलीवाल्यांना कृपा करून सांगू नका.

इकडे बाजारात सोयाबीनची ‘विक्रमी’ आवक झाली की भाव बहुधा उतरतो. विक्रम बातमीत जातो, शेतकऱ्याच्या हाती नुसती विक्री राहते. कारण आकड्याला ‘किती’ कळते, ‘कोणासाठी’ कळत नाही.

आमचे वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. पाचव्या शतकातल्या हरिषेण राजाच्या खजिन्यात किती होते, हे आज कोणी विचारत नाही. त्याचा मंत्री वराहदेव याने भिक्षूंसाठी कोरवून दिलेले अजिंठ्याचे सोळावे लेणे मात्र लोक रांगा लावून पाहतात.

कारकुनाच्या खुर्चीला पुतळ्या नसतात, हे एका परीने बरेच आहे. पण काउंटरपलीकडून एखादा म्हातारा विचारतो, “भाऊ, येवढा फारम भरून देता का?” ही तेहतिसावी पुतळी. आणि ती नेमकी जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटे उरली असताना बोलते.