मधला दिवस

दुसऱ्याच्या खर्चानें परगांवीं गेलेल्या माणसास कामाच्या दोन दिवसांमध्यें एक रिकामा दिवस मिळाला, तर तो दिवस कोणाचा? प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु आमच्यासारख्या पगारदार वर्गाची नीति रणांगणावर कसोटीस लागत नाहीं; ती लागते प्रवासभत्त्याच्या कागदावर. म्हणून त्याचा थोडा विचार करण्यास हरकत नसावी.

प्रसंग नेहमींचाच आहे. परीक्षकाचें काम नांदेडास शनिवारीं आणि लातुरास सोमवारीं ठरलेलें असतें. दोन्ही जिल्हे १९९४ सालीं स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेंत असल्यामुळें अशी जोडणी सहज होते. मधल्या रविवारीं घरीं परतण्याइतका अवकाश नसतो, आणि काम तर नसतेंच.

कठोर पक्ष म्हणतो कीं, ज्याचा पैसा त्याचा दिवस. खोलींत बसून वाचावें, हिंडूं नये. उदार पक्ष म्हणतो कीं, काम संपलें, आतां वेळ आमचा. आम्हांस दोन्ही पक्ष पटत नाहींत. खोलींत घोरत पडलेला निर्दोष, आणि गोदाकांठचा किल्ला पाहावयास गेलेला मात्र दोषी, हा कोठला न्याय? उदार पक्षाची चूक निराळी आहे. तो देण्याघेण्याचा विचार फक्त धन्यापुरता करतो. ज्या गांवीं आपण उतरलों त्या गांवाचें त्यांत नांवच नाहीं. शनिवारीं आम्ही तेथें परीक्षक असतों. लोक उठून उभे राहतात, न मागतां चहा येतो. रविवारीं आम्ही कोणीच नसतों. आमच्या मतें तो दिवस त्या गांवाचा, आणि आम्ही त्याचे पाहुणे.

नांदेडास हें फार लवकर उमगतें. गुरु गोविंदसिंह १७०८ सालीं येथेंच निवर्तले. त्यांच्या स्थानावरील सचखंड श्री हुजूरसाहिबाची वास्तु महाराजा रणजितसिंहांच्या साह्यानें १८३२ ते १८३७ या काळांत उभी राहिली. राजा पंजाबचा, आणि वास्तु निजामाच्या मुलुखांत! दर्शनानंतर लंगरांत जमिनीवर पंक्तीस बसावयाचें. तेथें जात कोणी पुसत नाहीं आणि, आमच्या वर्गास अधिक झोंबणारें म्हणजे, हुद्दाही कोणी पुसत नाहीं. पोळीला तेथें ‘परशादा’ म्हणतात, आणि ती दोन्ही हात पुढें करून घ्यावयाची असते. इतक्या वर्षांत आम्हीं अन्न असें हात पसरून कधीं घेतलें नव्हतें.

त्याच पंक्तींत आमच्या शेजारचे सहकारी हळूच म्हणाले, “सर, आजचा भत्ता सगळा वांचला!” बोलणें थट्टेचें होतें, आणि नियमानें पाहतां त्यांत वावगें कांहीं नाहीं. दैनिक भत्ता ठोक मिळतो. कोण कोठें जेवला याची चौकशी होत नाहीं. पण ज्या अन्नामागें कोणाच्या शेतांतले दाणे आणि कोणीं पहाटेपासून मळलेलें पीठ आहे, तें आपल्या बचतीच्या रकान्यांत मांडलें, कीं त्या दात्यास आपण परीक्षा-विभागाचा कंत्राटदार करून सोडतों. मग तेवढे पैसे दानपेटींत टाकावे काय? खुशाल टाकावे, पण जेवणाची किंमत म्हणून नव्हे. तसें केलें तर लंगराची खानावळ होते. त्यापेक्षां भांडीं घासणाऱ्यांच्या रांगेंत अर्धा तास उभें राहणें बरें. त्यानेंही फेड होत नाहीं. पण आपण फेडीत आहों असा भ्रम तेथें टिकत नाहीं, कारण शेजारीं ताटें घासणारा कांहीं फेडावयास आलेला नसतो. भत्त्याविषयीं म्हणाल, तर तो घ्यावा. तो वांचला असें मात्र म्हणूं नये.

एखाद्या खेपेस मधला दिवस लातुरास पडतो, आणि तेथें पाहुण्याची परीक्षा अधिक कठीण होते. खाणें साधें आणि सरस : ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आंबट आमटी. या जिल्ह्यांतील बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर यांना भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे. तेव्हां एका वाटींत तीन गांवें नांदूं शकतात. पण ताटाशेजारीं पाण्याचा पेला असतो. २०१६ च्या एप्रिलांत या शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत पांच लाख लिटर पाणी होतें. तेथें पाहुणा भाकरीचा शेवटचा तुकडाही संपवितो आणि पेला अर्धा टाकून उठतो. वाढणारा कांहीं बोलत नाहीं. पाहुण्यास कोणी बोलत नसतें, हीच तर अडचण!

औशाचा किल्ला पाहिला, खरोशाचीं लेणीं पाहिलीं, कीं कोणीतरी सुचवितोच, “किल्लारी जवळच आहे, पाहून घ्या.” ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपति-विसर्जनाच्या रात्रीं निजलेलीं हजारों माणसें तेथें आणि भोंवतालच्या गांवांत गाडलीं गेलीं. तें स्थळ यादींतील तिसरें प्रेक्षणीय म्हणून पाहणें आम्हांस रुचत नाहीं. परंतु न जाणें हेंही सोयीचेंच असतें. तेथें समजून घेण्यासारखें पुष्कळ आहे. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचें जड माळवद, अशीं तीं घरें होतीं. उन्हाळ्यांत ज्या जाडीनें गारवा दिला, तीच जाडी त्या पहाटे अंगावर आली.

आम्ही गेलों, तेव्हां माळवद किती जाड असे हें एका वृद्ध गृहस्थांनीं हात पसरून दाखविलें. आम्हीं विचारलें नव्हतें. मग हात खालीं घेत ते म्हणाले, “जेवण झालं का, सर?”