ज्याला संपही करता येत नाही

पिंप्राळ्याच्या रेल्वे गेटवर उड्डाणपूल होण्याच्या आधीची गोष्ट. गेट एकदा पडलं की दहा-पंधरा मिनिटांची निश्चिंती. मालगाडी गेली की समोरून एक्सप्रेस. लोक गाड्या बंद करून गप्पा मारत उभे राहायचे. एप्रिल २०१३मधल्या एका दुपारी तिथे माझ्या शेजारी माझ्याच विभागातला एक तरुण सहकारी येऊन थांबला. तो आमच्याकडे तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवायचा. नेट झालेला, पीएच.डी.चं काम चालू, यावल तालुक्यात घरची थोडी केळी. आमचं बोलणं त्या दिवसांत बंद होतं, आणि ते मी बंद केलं होतं.

कारण असं. ४ फेब्रुवारीपासून एमफुक्टो या प्राध्यापक महासंघाच्या हाकेवरून राज्यभरातल्या प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला होता. मागण्या दोन मोठ्या. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी ही एक. दुसरी, १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेट-सेट नसताना नेमल्या गेलेल्या प्राध्यापकांची सेवा नियमित करावी ही. ना पर्यवेक्षण, ना पेपर तपासणी. अशा वेळी कॉलेजने परीक्षा कशीबशी उरकायची म्हणून तासिकावाल्यांना वर्गावर उभं केलं, आणि हा उभा राहिला. मी स्टाफरूममध्ये, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, ‘फितूर’ म्हणालो होतो.

गेटवर तो शांतपणे म्हणाला, ‘सर, तुम्ही संप केला तर पगार अडकतो, मग तो मिळावा म्हणून पुन्हा लढता येतं. मी संप केला तर त्याला संप म्हणत नाहीत. तास झाला नाही, एवढंच म्हणतात.’

गाडी गेली, गेट उघडलं, आम्ही आपापल्या वाटेनं गेलो.

मे महिन्यात, उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर, बहिष्कार मागे घेतला गेला. सरकारने ७१ दिवसांचं वेतन रोखलं. २७ जूनला नेट-सेटग्रस्तांबाबत शासन निर्णय निघाला. मनासारखा नव्हता, पण निघाला. आमच्या मागण्या न्याय्य होत्या असं मला तेव्हा वाटत होतं, आजही वाटतं. ‘विद्यार्थ्यांना वेठीस धरलं’ हा आक्षेप मात्र मला कधीच फारसा पटला नाही. तिऱ्हाइताला झळ न लागणारा संप कुठे असतो? एसटीचा २०२१-२२मधला संप आठवा. आमच्याकडे खेड्यांतून येणारी किती पोरं-पोरी महिनोन्‌महिने कॉलेजला येऊ शकली नाहीत. म्हणून एसटी कामगारांची मागणी खोटी ठरत नाही. मला टोचतो तो वेगळा प्रश्न. आमच्याच रांगेत, आमच्याच खडू-डस्टरनं शिकवणारा एक माणूस होता. त्याला लढ्यात उतरता येत नव्हतं आणि बाहेर राहिल्याचा कलंकही चुकवता येत नव्हता. त्याच्याकडून निष्ठा मागण्याचा मला काय अधिकार होता?

त्यात एक विचित्र गोष्ट आहे. आम्ही ज्यांच्या सेवेसाठी लढत होतो त्यांच्याकडे नेट-सेट नव्हतं, पण कायम नोकरी होती. ज्यांच्याकडे नेट-सेट होतं, त्यांच्याकडे नोकरी नव्हती, आणि ही मंडळी आमच्या मागणीपत्रात कुठेतरी खाली असायची. पुढे २०१७मध्ये भरतीवर बंदी आली, २०१८मध्ये ३,५८० पदांना मान्यता मिळाली, त्यातलीही सगळी भरली गेली नाहीत, २०२१मध्ये उरलेल्या २,०८८ पदांसाठी नवा निर्णय निघाला. पुण्यात उच्च शिक्षण संचालनालयासमोर पात्रताधारकांना पुन्हा पुन्हा धरणं धरावं लागलं. जाऊ द्या, हा हिशेब सगळ्यांना पाठ आहे.

मला बोलायचं आहे ते स्वातंत्र्याबद्दल. वर्षानुवर्षं मी वर्गात शिकवलं, की स्वातंत्र्य म्हणजे हस्तक्षेपाचा अभाव. कोणी अडवत नाही, म्हणजे तुम्ही स्वतंत्र. ही व्याख्या लावली तर माझा सहकारी पूर्ण स्वतंत्र होता. हे शिकव, ते शिकवू नको असं त्याला कोणीही कधी सांगितलं नाही. फिलिप पेटिट या तत्त्वज्ञानं १९९७मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या व्याख्येला हरकत घेतली. त्याचा मुद्दा साधारण असा: गुलामाचा मालक दयाळू असेल, आयुष्यात एकदाही हात उगारणार नाही, तरी गुलाम तो गुलामच. कारण तो मालकाच्या मर्जीवर आहे, आणि म्हणून सतत त्याच्या चेहऱ्याकडे बघतो.

हे वाचलं आणि मला एक तास आठवला. त्याच्या वर्गात एका मुलीनं राज्यघटनेच्या संदर्भात त्या वेळच्या सत्ताधाऱ्यांबद्दल नेमका प्रश्न विचारला होता. मी व्हरांड्यातून चाललो होतो. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘हा भाग परीक्षेला नाही.’ तेव्हा मला वाटलं, पोरगं अजून कच्चं आहे. त्यानं मला व्हरांड्यात पाहिलं होतं की नाही, हे मी स्वतःला विचारलंच नाही.

आणि मला मात्र विचारायला हवं होतं, कारण दरवर्षी जून-जुलैत त्याची जी मुलाखत व्हायची, तिच्या समितीत विभागप्रमुख म्हणून मीच बसायचो. कायम प्राध्यापकाला काढायचं तर आरोपपत्र द्यावं लागतं, चौकशी करावी लागते, त्याला न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तासिकावाल्याला काढावं लागतच नाही. पुढच्या वर्षी त्याचं नाव यादीत नसतं, एवढंच. तो माझे पेपरांचे गठ्ठे घरी पोचवायचा, नॅकच्या फायली रात्री उशिरापर्यंत लावायचा, माझ्या मुलाच्या लग्नात पंगतीला वाढायला उभा होता. मी सगळ्यांना सांगायचो, स्वभावानंच मदतीला तत्पर आहे. मी चांगला वागायचो त्याच्याशी. तेच तर.

१९४९मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठानं प्राध्यापकांकडून आपण कम्युनिस्ट नसल्याची शपथ मागितली. सही न करणाऱ्या ३१ जणांना पुढच्या वर्षी काढलं गेलं. त्यांच्या बाजूनं लिहिणारा इतिहासकार अर्न्स्ट कांटोरोविच हा जर्मनीत कम्युनिस्टांविरुद्ध हातात बंदूक घेऊन लढलेला होता, तरी त्यानं सही नाकारली. त्याचं म्हणणं, झगा घालणारे व्यवसाय तीन: न्यायाधीश, धर्मगुरू आणि प्राध्यापक. हे कोणाचे नोकर नसतात, ते आपल्या सदसद्विवेकाला बांधलेले असतात. भाषा जरा उंची वाटते, पण तिला आपल्या जमिनीवर आणून पाहा. दर जूनमध्ये नव्यानं नेमला जाणारा, खटल्यागणिक पैसे मिळणारा, आणि ज्याच्या मुलाखतीला पक्षकारच बसतो असा न्यायाधीश आपल्याला चालेल? मग तसा शिक्षक कसा चालतो? बहुधा आपण असं धरून चालतो, की शिक्षकाला निवाडा करायचा नसतो, फक्त भाग संपवायचा असतो.

आमचा बहिष्कार व्यर्थ होता असं नाही. पण आमच्याकडे शाश्वती होती, ती आम्ही बहुतेक थकबाकीसाठी वापरली. ज्या कामासाठी ती दिली जाते, म्हणजे ‘नाही’ म्हणण्यासाठी आणि ज्याला म्हणता येत नाही त्याच्या वतीनंही म्हणण्यासाठी, ते काम आम्ही फारसं केलं नाही. मी तर नाहीच. समितीत बसून एकदाही मी विचारलं नाही, की हे पद मंजूर असताना सात वर्षं आपण मुलाखतच का घेतोय.

मागच्या आषाढी एकादशीला पिंप्राळ्याच्या रथोत्सवात तो भेटला. आता स्पर्धा परीक्षांचा क्लास चालवतो. रथ थांबला होता, मोगरीवाले चाकापाशी वाकले होते. ‘सर, ते एकाहत्तर दिवसांचं मिळालं का शेवटी?’ त्यानं विचारलं. म्हटलं, ‘हो, कोर्टकचेरी झाली, पण मिळालं.’ ‘बरं झालं,’ म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

त्या मुलीच्या प्रश्नाबद्दल त्याला विचारावं असं फार मनात होतं. आता त्याला माझ्याकडून काहीच नको आहे, खरं ते सांगून टाकेल. मी विचारलं नाही. रथ हलला, गर्दी पुढे सरकली, त्यानं वाकून नमस्कार केला. मी सवयीनं म्हणालो, ‘असू दे, असू दे.’