मागचा कंदील

यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीकडच्या एका खेड्यात एक शेतकरी राहत होता. तो कापूस पिकवायचा आणि बैलबंडीत भरून जिनिंगला न्यायचा. त्याच्या मुलाचा जीव मात्र यंत्रात रमायचा. मुलगा आयटीआयमध्ये वायरमनचं काम शिकला आणि नागपूरला, सोनेगावजवळच्या एका हँगरमध्ये, म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली कामाला लागला.

हँगरमध्ये एक जुनं पुष्पक होतं. दोन माणसांचं लहानसं विमान. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विष्णू माधव घाटगे यांच्या देखरेखीखाली या विमानाचा आराखडा झाला होता, आणि 1958 साली पहिलं पुष्पक आकाशात गेलं होतं. पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांत कितीतरी वैमानिक त्यावर शिकले. हँगरमधल्या या पुष्पकाच्या पंखांवर कापड ताणून बसवलं होतं. कापसाच्या मुलखातून आलेल्या मुलाला त्याचं फार अप्रूप वाटलं. विमानात बॅटरी नव्हती. इंजिनाला लागणारी ठिणगी मॅग्नेटो देत असे आणि पुढचा पंखा हातानं फिरवून इंजिन सुरू करत. दिवा तर एकही नव्हता. म्हणून सूर्य मावळायच्या आत ते उतरवावंच लागे.

एक दिवस त्याला दिवे बसवायचं ठरलं. कागद वर गेले, मंजूर होऊन आले. काम मिस्त्रीकडे आलं आणि मिस्त्रीनं ते मुलाच्या हातात दिलं.

मिस्त्रीनं जमिनीवर खडूनं विमान काढलं. "डाव्या टोकाला लाल दिवा, उजव्या टोकाला हिरवा, शेपटीला पांढरा," तो म्हणाला. "लाल आणि हिरवा नाकासमोरून आपापल्या बाजूला 110 अंशांपर्यंत दिसतात. पांढरा मागे 140 अंशांत दिसतो. तिन्ही मिळून 360. कुठूनही पाहा, काही ना काही दिसतंच."

"रंग वेगळे कशाला, मिस्त्रीकाका?" मुलानं विचारलं.

"वरती दोन विमानं एकमेकांचा रस्ता कापत असली, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं असेल त्यानं वाट द्यायची. त्याला दुसऱ्याची डावी बाजू दिसते, म्हणजे लाल दिवा. लाल दिसला की आपण बाजूला व्हायचं."

मुलगा मन लावून कामाला लागला. बॅटरीसाठी जागा केली. बॅटरीचं वजन तोलून घेतलं, कारण लहान विमानात चार किलो इकडचे तिकडे झाले तरी तोल बदलतो. कापड न दुखावता पंखातून तारा नेल्या, त्या जागोजागी बांधल्या, कुठे घासणार नाहीत असं पाहिलं. पाठीवर लाल लुकलुकणारा दिवा बसवला. तो टक्कर टाळण्यासाठी. इंजिन सुरू करण्याआधीच तो लावायचा, म्हणजे पंखा आता फिरणार हे जमिनीवरच्या माणसांनाही कळतं.

शेवटी पंखांच्या टोकांचे दिवे राहिले. मुलगा विमानाच्या नाकासमोर उभा राहिला आणि दोन्ही पंखांवर खडूनं खूण केली. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. दिवे बसवले, बटण दाबलं. सगळे दिवे लख्ख लागले. मुलाला धन्य धन्य वाटलं.

इंजिनिअर साहेब तपासून सही करायला दुसऱ्या दिवशी येणार होते. त्या संध्याकाळी अंधार पडल्यावर मिस्त्रीनं विमान मोकळ्या जागेत काढायला लावलं. मुलाला घेऊन तो दोनशे पावलं लांब गेला. मुलाला पाठ करून उभं केलं आणि दोघा गड्यांना हाक मारून विमान वळवायला सांगितलं.

"आता वळून पाहा. काय दिसतं?"

"लाल दिवा."

"मग विमान कुठे चाललंय?"

मुलानं विचार केला. लाल म्हणजे त्याची डावी बाजू आपल्याकडे. "आपल्या डावीकडे," तो म्हणाला.

मिस्त्रीनं हाक दिली. गड्यानं विमानावर टॉर्चचा झोत टाकला. विमानाचं नाक उजवीकडे होतं.

मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग त्याला कळलं. विमानासमोर उभं राहून त्यानं आपली डावी धरली होती. आत बसणाऱ्याची डावी तर त्याच्या उजव्या हाताला होती.

मिस्त्री रागावला नाही. एवढंच म्हणाला, "दिवा नसता तर समोरचा सावध राहिला असता. हा दिवा पाहून तो भलतीकडेच वळला असता."

रात्रीतून मुलानं दिवे बदलले. सकाळी साहेबांनी सगळं तपासलं आणि सही केली.

दिवाळीला मुलगा घरी गेला. कापसाचा वेचा झाला होता. रात्री बापानं बंडी भरली, मागे कंदील टांगला आणि दोघे निघाले. गाव मागे पडलं तसा बापानं बैल थांबवले. खाली उतरून तो आल्या वाटेनं चाळीस पावलं मागे चालत गेला, वळून उभा राहिला आणि परत आला. दणक्यांनी कापूस बाहेर फुगून कंदील झाकला गेला होता. त्यानं कंदील सोडला आणि हातभर खाली बांधला. पुन्हा चाळीस पावलं मागे जाऊन पाहून आला.

"बाबा, उजेड तर पुढे पायजे. कंदील मांगं काहून?"

"बैलायले रस्ता ठाऊक हाय," बाप म्हणाला. "कंदील मांगून येणाऱ्यासाठी हाय. त्याले दिसते का नाही, ते बंडीत बसून कसं समजन?"

थोड्या वेळानं मागून ट्रक आला. लांबूनच त्यानं वेग कमी केला आणि बंडीला वळसा घालून निघून गेला. मुलगा त्या कंदिलाकडे पाहत राहिला.

सुट्टी संपवून तो हँगरवर परतला. त्या संध्याकाळी पुष्पक उडणार होतं. सूर्य मावळायला थोडा अवकाश होता, पण हवेत धुरकट झालं होतं. कोणी न सांगता मुलानं दिवे लावले आणि लांबून विमानाभोवती पूर्ण फेरी मारली. समोर उभं राहिल्यावर दोन्ही रंग दिसले. एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं हिरवा, मागून पांढरा. मग त्यानं वैमानिकाला हात केला.

विमान वर गेलं आणि धुरकटात दिसेनासं झालं. पंखाचा एक लाल ठिपका मात्र दिसत राहिला. "डावीकडे चाललंय," मुलगा म्हणाला. शेजारी उभ्या मिस्त्रीनं मान हलवली.

आपल्याला रस्ता दिसतो, एवढ्यानं आपण दुसऱ्याला दिसतो असं नाही. दिवा लावण्यात माणुसकी आहेच. पण तो दिवा खरं सांगतो की नाही, हे आपल्या जागेवर बसून कळत नाही. त्यासाठी खाली उतरावं लागतं, चाळीस पावलं मागे जावं लागतं आणि दुसऱ्याच्या जागी उभं राहून आपल्याकडे पाहावं लागतं.