बऱ्या दिवसाची साक्ष

संधिवाताच्या डॉक्टरांची वेळ मिळते पुढच्या महिन्यातली, आणि सांधे सुजलेले असतात आज. पुण्या-मुंबईत, नागपुरात हे तज्ज्ञ त्यातल्या त्यात सापडतात. धाराशिव किंवा गडचिरोलीच्या माणसाला मात्र आधी रात्रीची एसटी, मग नातेवाइकाकडे मुक्काम आणि मग डॉक्टर. त्यामुळे दुखणं उफाळल्यापासून डॉक्टरांसमोर बसेपर्यंतचे दिवस हा या आजाराचा वेगळा टप्पाच होऊन बसला आहे. त्या दिवसांत काय खावं, काय चोळावं हे सांगायला शेजारपाजार, व्हॉट्सॲप आणि रिक्षावाले सगळे तयार असतात. मला बोलायचं आहे ते या काळात माणूस स्वतःच्या दुखण्याशी किती खरेपणानं वागतो, याबद्दल.

आमवाताचा, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा, जोर असतो तेव्हा पहाट सगळ्यात वाईट. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, हा मूळ घोटाळा. सूज आणणारी रसायनं रात्रीच्या उत्तरार्धात वाढतात आणि त्यांना आवर घालणारं शरीरातलं कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास तळाला गेलेलं असतं. म्हणून जाग येते ती आखडलेल्या बोटांनी. दुधाची पिशवी कापायला कात्री घ्यावी तर तिच्या कड्यात अंगठा शिरत नाही. गॅसचं बटण दाबून फिरवायचं असतं, त्याला मनगट लागतं. सांडशी दाबून धरणं होत नाही, तेव्हा चहाचं पातेलं दोन्ही तळव्यांत फडकं घेऊन कसंबसं उतरवायचं. ब्लाउजचे हूक मुलीकडून लावून घ्यायचे; मुलगी शाळेत गेली असेल तर दुपारपर्यंत गाऊनवरच. अकराच्या सुमारास हात जरा मोकळे होतात, आणि नेमकी तेव्हाच कोणीतरी येते, आजारी बाईला मटार सोलताना बघते आणि म्हणते, ‘‘अगं, चांगली तर आहेस की!’’

या दुखण्याचा स्वभावच असा की ते भरतं आणि ओसरतं. कधी दिवसातल्या दिवसात, कधी आठवड्या-दोन आठवड्यांत. डॉक्टरांची तारीख त्याच्या वेळापत्रकाशी जुळेलच असं नाही. बाई ठरल्या दिवशी आंघोळ करून, चांगली साडी नेसून दवाखान्यात जाते. नंबर लागेपर्यंत बारा वाजतात. बोटं वळू लागलेली असतात. डॉक्टर विचारतात, ‘‘काय, कसं आहे?’’ आणि ती म्हणते, ‘‘आता बरं आहे.’’

मला हे उत्तर फार खटकतं. पहाटे चार वाजता उशी दातांत धरून कूस बदलणारी बाई आणि दुपारी बारा वाजता खुर्चीत बसलेली बाई एकच, पण बोलायची संधी मिळते ती दुसरीलाच. आणि ती पहिलीच्या वतीनं साक्ष द्यायला गेलेली असताना ऐनवेळी फिरते. अन्याय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दुसऱ्यावर केलेला अन्यायच येतो. बऱ्या दिवसानं वाईट दिवसावर केलेला अन्याय आपण मोजत नाही. उलट त्याला संयम म्हणतो.

याचं मूळ आपल्या घराघरांत आहे. ‘तिनं कधी हूं की चूं केलं नाही’ हे वाक्य आपण बाईच्या तेराव्यालाही कौतुकानं म्हणतो. पुरुषांचंही फारसं वेगळं नाही. त्यांना दुखण्याबद्दल बोलणं नामर्दपणाचं वाटतं, एवढाच फरक. सोसण्याला माझा विरोध नाही. जिथे इलाजच नाही तिथे सोसण्याला पर्याय नसतो, आणि तिथे ते मोठंच असतं. पण आमवाताला आज इलाज आहे, आणि तो वेळेत व्हावा लागतो. लक्षणं दिसल्यापासून पहिल्या तीनेक महिन्यांत औषधं सुरू झाली तर हाडांची झीज बरीच रोखता येते. वाकडी झालेली बोटं नंतर औषधानं सरळ होत नाहीत. अशा आजारात ‘फार नाही दुखत’ असं सांगणं म्हणजे डॉक्टरला खोटा कागद दाखवणं. कमी सांगितलेल्या दुखण्याला कमीच औषध मिळतं.

उजनी धरणाच्या जलाशयाकाठचं भिगवण आता लोकांना फ्लेमिंगोंमुळे माहीत आहे. त्याच गावात १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकानं सांधेदुखीची घरोघर पाहणी केली. गावातल्याच स्वयंसेवकांनी दारोदार जाऊन ‘कुठे दुखतं का’ असं विचारलं. लोकांनी सांगितलेल्या तक्रारींत हाडा-सांध्यांच्या आणि स्नायूंच्या दुखण्याचा क्रमांक सगळ्यात वर निघाला. आमवाताचे रुग्ण निघाले हजारात पाचेक. पहिली गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. एवढं दुखणं गावात नांदत होतं आणि ते पुढे यायला कोणीतरी उंबऱ्याशी येऊन विचारावं लागलं.

सांगितल्यानं काय होतं याचा एक मोठा दाखला अमेरिकेतला आहे. १९२९ साली मेयो क्लिनिकमधल्या फिलिप हेंच यांना एका आमवाताच्या रुग्णानं सांगितलं, की कावीळ झाल्यापासून आपले सांधे दुखायचे थांबले आहेत. कावीळ झालेल्या माणसाचं असलं बोलणं कोणीही कानाआड केलं असतं. हेंच यांनी ते मनात ठेवलं. पुढे गरोदरपणातही काही स्त्रियांचं दुखणं विझतं, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे शरीरातच काहीतरी तयार होतं जे या सुजेला लगाम घालतं, हा धागा धरून ते एडवर्ड केंडल यांच्यासोबत काम करत राहिले. सप्टेंबर १९४८ मध्ये अंथरुणाला खिळलेल्या एका तरुणीला कॉर्टिझोनची, म्हणजे कॉर्टिसॉलच्याच जातीच्या स्टेरॉइडची, इंजेक्शनं दिली आणि काही दिवसांत ती चालत खरेदीला गेली. १९५० चं नोबेल हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे ताडेउश राइखश्टाइन यांना मिळालं. कॉर्टिझोनचे दुष्परिणामही लवकरच उघड झाले, पण तो पुढचा भाग. सुरुवात झाली ती एका रुग्णानं जसं घडलं तसं सांगितलं आणि एका डॉक्टरनं ते ऐकलं, इथून.

त्या कॉर्टिझोनची भावंडं आज आपल्या गल्लीत वेगळ्याच वेशात फिरतात. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. वाट पाहण्याच्या काळात ही पुडी हमखास घरात येते. कोणाच्या तरी मेहुण्याला गुण आलेला असतो. आणि खरंच गुण येतो. तिसऱ्या दिवशी बाई पोळ्या लाटते. सगळे खूश. चेहरा गोल व्हायला लागतो तेव्हा ‘तब्येत भरली’ म्हणतात. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि दीर्घकाळ घेतलेली पुडी एकदम बंद केली तर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल लगेच जागं होत नाही, माणूस कोसळू शकतो. हे आयुर्वेदाच्या खात्यावर टाकू नये. माधवनिदानात आमवात स्वतंत्र व्याधी म्हणून सांगितलेला आहे, आणि कुठलाही जाणता वैद्य बिननावाची पुडी देत नाही. आधुनिक डॉक्टरही स्टेरॉइड देतात. मूळ औषधाचा गुण येईपर्यंत आधार म्हणून, मोजून आणि सांगून. पुडीवाला सांगत नाही. रुग्णाला अंधारात ठेवून दिलेला आराम ही फसवणूकच, मग तिनं कितीही बरं वाटो. शिवाय त्या पुडीमुळे डॉक्टरांसमोर जाताना सांध्यावर सूज उरत नाही. उरलीसुरली साक्षही पुसली जाते.

मग वाट पाहताना करायचं काय? आपल्याकडे कालनिर्णयवर दुधाचा खाडा लिहायची सवय आहे. त्याच चौकटीत उठल्यापासून मूठ वळेपर्यंत किती वेळ गेला, ते लिहावं. कुठले सांधे, एका बाजूचे की दोन्ही, ताप होता का, कोणती गोळी घेतली. पुडी घेतली असेल तर तीही लिहावी. लाज वाटली तरी लिहावी. सूज आली की मोबाइलवर फोटो काढावा, कारण ती तारखेपर्यंत थांबणार नाही. अंगठी बोटात रुतायच्या आत काढून ठेवावी, नाहीतर सोनाराकडे जाऊन कापून घ्यायची वेळ येते. लाल, गरम सांध्याला बर्फाच्या पाण्याचा कपडा बरा वाटतो, आखडलेल्याला कोमट शेक. शेजारच्या काकांची दुखण्यावरची गोळी मात्र मागू नये. पोट, मूत्रपिंड, रक्तदाब यांची गणितं प्रत्येकाची वेगळी असतात. (जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात गेलं आणि आपली गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन लाखोंनी मेली, २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, पण खिशातून चॉकलेटसारखी वाटायची ही गोळी नाही, एवढं त्यावरून कळावं.) आधीपासून मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, दुखतंय म्हणून रोज घेतली तर जिवावर बेततं. आणि एकच सांधा अचानक लालबुंद, गरम झाला, सोबत ताप आला, तर तारखेची वाट पाहूच नये. तो जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी जवळचं रुग्णालय गाठावं.

इथे एक अडचणीचा प्रश्न येतो. ओळख काढून नंबर पुढे घ्यावा का? कोणीतरी कंपाउंडरला ओळखतं, कोणाचा भाचा त्याच रुग्णालयात आहे. माझं मत सांगतो. ओळखीवर घुसणं म्हणजे रांगेतल्या दुसऱ्या सुजलेल्या हातावर पाय देणं. त्याचीही पहाट तितकीच वाईट गेलेली असते. पण दवाखान्यात फोन करून ‘गुडघा टेकवत नाही, दोन्ही मनगटं सुजलीत, रात्री झोप नाही’ असं जसं आहे तसं सांगणं ही घुसखोरी नव्हे. कोणाला आधी बघायचं हे डॉक्टरांनी ठरवायचं, आणि ठरवायला त्यांच्यापाशी माहिती तर हवी. गंमत अशी की भिडस्त माणसं हा फोनही करत नाहीत. तेवढा एक फोन करणंही त्यांना पुढेपुढे करणं वाटतं.

घरच्यांकडे वळतो. ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे’ हे वाक्य घरात फार वेळा ऐकू येतं. आमवाताच्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात आरए फॅक्टर सापडतच नाही, तरी आजार असतो. कागद निगेटिव्ह आला म्हणून बाईचं दुखणं खोटं ठरत नाही. ज्याच्यावर रोज स्वतःचं दुखणं सिद्ध करायची पाळी येते, तो पुढे सांगायचंच सोडून देतो, आणि मग आपण त्याला सोशीक म्हणून मोकळे होतो.

डॉक्टरांकडूनही एक अपेक्षा आहे. तपासणीत ते खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचे २८ सांधे एकेक करून दाबून बघतात, स्वतःच्या अंगठ्याचं नख जरा पांढरं पडेल इतपत जोरानं. ही पद्धत चांगलीच आहे. पण ते २८ सांधे आजचे असतात. ‘आज कसं वाटतंय’ याच्या जोडीला ‘मागच्या भेटीनंतरचा सगळ्यात वाईट दिवस कोणता, तो सांगा’ असंही विचारलं तर फार फरक पडेल. त्याला ‘बरं आहे’ हे उत्तर देता येत नाही; दिवस आठवावा लागतो, त्या दिवशी काय काय करता आलं नाही ते सांगावं लागतं. आणि नवरा सोबत आलेला असेल तर हाच प्रश्न त्यालाही विचारावा. बायको कितीही ‘काही नाही हो’ म्हणाली, तरी त्या दिवशी सकाळचा चहा कोणाला करावा लागला होता, हे त्याला पक्कं आठवत असतं.