करंगळीला हाक

सकाळी जाग आली की आपण आधी तळहात बघतो. मग पाय टेकवण्यापूर्वी जमिनीची क्षमा मागतो. आता तुला माझ्या पायांचा स्पर्श होईल, राग धरू नकोस. ही रीत मला लहानपणापासून आवडते. पण पायाला तो स्पर्श कळला का, हे कुणी विचारत नाही.

हल्ली मी विचारतो. सपरीत सतरंजी टाकून उताणा पडतो. गुडघे वर, तळपाय जमिनीला. टाच तशीच ठेवून चवडा किंचित उचलतो, सोडतो. मग चवडा ठेवून टाच. मग पावलाची आतली कड, बाहेरची कड. ताणायचं नाही, मोजायचं नाही. दुखण्याच्या बरंच आधी थांबायचं. वडाच्या पानावरच्या बाळकृष्णाने पायाचा अंगठा तोंडात घातलेला आपण चित्रात पाहतो. घराघरांतलं बाळ तेच करतं. पुढे तो अंगठा फार लांब जातो.

एकदा पायाची करंगळी एकटीच हलवून पाहिली. ती जागची हलली नाही. जबडा मात्र आवळला, श्वास अडला. हाक पायाला दिली आणि ओ तोंडाने दिली. मग जबडा सैल सोडला. करंगळी हातात धरून हळूच फिरवली, आंधळ्याला वाट दाखवावी तशी. काही दिवसांनी ती नुसती थरथरली. केवढा आनंद झाला मला!

एका पावलात २६ हाडं असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२. अंगातल्या २०६ हाडांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा पावलांतच आहे. आणि आपण ते पाऊल लाकडाच्या फळीसारखं वापरतो.

आमच्या मुकुटबनला पावसाळ्यात फळी चालत नाही. झड उघडली की वावर पाहायला जावं लागतं. ओली काळी माती चपलेला धरते, चार पावलांत चप्पल शेरभर जड होते. मग चपला धुऱ्यावर काढायच्या आणि कपाशीत अनवाणी शिरायचं. तिथे बोटं आपोआप पसरतात. अंगठा रुततो, करंगळी बाहेरून टेकू देते. कुणी शिकवावं लागत नाही. अर्थात ज्यांना रोजच वावरात राबायचं आहे, त्यांच्या टाचांना भेगा आहेत, तळव्यात काटे मोडलेले आहेत. त्यांच्यापुढे अनवाणी चालण्याचं कौतुक करणं मला बरं वाटत नाही. सिमेंट कारखान्यात पाळीला जाणाऱ्यांना जाड बूट हवेतच. पण घरी आल्यावर बूट निघतो आणि पाऊल बुटातच राहतं. त्या पावलाला संध्याकाळी दोन मिनिटं खेळू द्यावं, एवढंच मला वाटतं.

पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी १९६६ साली आलेल्या ‘लाइट ऑन योगा’मध्ये नुसतं उभं राहण्याचा, म्हणजे ताडासनाचा, बारकाईने विचार केला आहे. पायावर भार कसा पडतो, हे पादत्राण कुठे झिजतं यावरून ओळखता येतं, असं ते सांगतात. ते वाचून मी माझी चप्पल उलटी करून पाहिली. टाच बाहेरच्या बाजूने झिजली होती. इतकी वर्षं मी कसा चालतो, ते चपलेला ठाऊक होतं.

शरीराच्या हालचालींचे अभ्यासक मोशे फेल्डेनक्राइस यांनी गुडघ्याच्या जुन्या दुखापतीपायी स्वतःचं चालणं नव्याने तपासलं. त्यांचा भर लहान, सावकाश हालचालींवर होता. जोर कमी असला की बारीक फरक कळतो. पाठीवर तुरीचं पोतं असेल, तर त्यावर चिमणी येऊन बसलेली कळत नाही.

एका बाजूला आधी करून पाहायचं आणि मग दोन्ही बाजू ताडून बघायच्या, हीही त्यांचीच पद्धत. आज फक्त उजव्या पावलाशी खेळलो आणि उभा राहिलो. उजवं फरशीवर ऐसपैस पसरलं होतं. टाचेपासून बोटांपर्यंत फरशीचा गारवा त्याला कळत होता. डावं शेजारी उभं होतं, अवघडून, पाहुण्यासारखं.

मी पुन्हा सतरंजीवर बसलो.